विश्लेषण : तंबूत एका रात्रीचे तीन लाख रुपये! मसाई मारातील आलिशान सफारीचा पैसा नेमका जातो कुठे?

केनियातील मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्रात ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रिट्झ-कार्लटन’ या जगप्रसिद्ध हॉटेल नाममुद्रेचा सफारी कॅम्प सुरू झाला. सँड नदीच्या काठावरील या कॅम्पमध्ये तंबू अवघे २०. प्रत्येक तंबूला स्वतःचा छोटा जलतरण तलाव. एका रात्रीचा दर साडेतीन हजार डॉलरपासून पुढे. डॉलरचा भाव ८८ रुपये धरला तर ही रक्कम तीन लाखांच्या वर जाते. कॅम्प सुरू होतो न होतो तोच त्याच्याविरोधात नारोकच्या न्यायालयात दावा दाखल झाला. या वादामुळे आफ्रिकेतील आलिशान तंबूंच्या पर्यटनाबाबत एक जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. पर्यटक मोजत असलेल्या या प्रचंड रकमेतून जंगल वाचते का आणि त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मसाई समाजाच्या हाती काय पडते?

नेमका वाद काय?

दावा दाखल करणारे मेतामेई ओलोल दपाश हे मसाई समाजातील संवर्धन कार्यकर्ते आहेत. विल्डबीस्ट हे गुरासारखे दिसणारे, कुरंग वर्गातील प्राणी दरवर्षी टांझानियातील सेरेंगेटीतून मारात येतात आणि पुन्हा परततात. सुमारे १३ लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे व हरणे असा हा कळप असतो. नवा कॅम्प या स्थलांतराच्या वाटेवरच उभा राहिल्याचा दपाश यांचा आरोप होता. केनियाच्या वन्यजीव विभागाला हा आरोप मान्य नाही. प्राण्यांच्या हालचालींच्या नोंदी पाहता कॅम्पची जागा स्थलांतराच्या मुख्य मार्गात येत नाही, असे या विभागाचे म्हणणे आहे.

वाद एका कॅम्पचा असला तरी मुद्दा मोठा आहे. मारा आणि परिसरात आधीच मोठ्या संख्येने कॅम्प व लॉज आहेत. त्यांत आणखी भर घालायची का, घालायची तर कुठे आणि कोणत्या अटींवर, हा खरा प्रश्न आहे.

‘टेंटेड कॅम्प’ म्हणजे काय?

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द. त्याचा अर्थ प्रवास. तो अरबीतील ‘सफर’वरून आला आणि हाच ‘सफर’ मराठीतही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सफारी म्हणजे शिकारीची मोहीम असे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये मोम्बासाला उतरले, तेव्हा त्यांच्या मोहिमेत दोनशेहून अधिक हमाल होते. तंबू, खाटा, भांडी, पुस्तके सारे डोक्यावरून वाहिले जाई. मोम्बासाहून आत जाणारी रेल्वे त्याआधी काही वर्षांपूर्वीच पूर्ण झाली होती आणि ती बांधण्यासाठी ३० हजारांहून अधिक मजूर भारतातून नेण्यात आले होते.

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदूक गेली, कॅमेरा आला. तंबू मात्र राहिला. आजच्या आलिशान कॅम्पमधील तंबू आकाराने एखाद्या वन-बीएचकेएवढा असू शकतो. कॅनव्हासच्या भिंती, लाकडी फळ्यांची जमीन, मोठा पलंग, मागच्या बाजूला स्नानगृह. काही कॅम्पमध्ये अजूनही ‘बकेट शॉवर’ असतो. अंघोळीची वेळ सांगितली की कर्मचारी गरम पाणी आणून तंबूमागच्या उंच टांगलेल्या पिशवीत किंवा बादलीत ओततो.

बहुतेक कॅम्पना कुंपण नसते. त्यामुळे अंधार पडल्यावर पाहुण्याने एकट्याने तंबूबाहेर पडायचे नाही, हा पहिला नियम. जेवणाच्या तंबूपर्यंत नेण्या-आणण्यासाठी पहारेकरी असतो. त्याला तिथे ‘अस्कारी’ म्हणतात. माकडे आणि बबून तंबूची चेन उघडायला शिकलेले असल्याने ती आतून नीट बंद करावी लागते.

पक्क्या इमारतीऐवजी तंबूच का?

यामागचे तत्त्व सोपे आहे. तंबूला खोल पाया लागत नाही, काँक्रीट कमी लागते आणि उद्या कॅम्प हलवायचा ठरला तर जमीन बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ शकते. स्थलांतराच्या हंगामापुरते उभारले जाणारे आणि नंतर गुंडाळले जाणारे फिरते कॅम्पही याच तत्त्वावर चालतात.

मात्र सगळेच ‘तंबू’ सारखे नसतात. खासगी तलाव, वातानुकूलन, मोठे लाकडी चौथरे, स्पा आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आली की पाणी, वीज आणि सांडपाण्याची कायमस्वरूपी यंत्रणा उभारावी लागते. छत कापडाचे असले तरी खालचा डोलारा हॉटेलचाच असतो. त्यामुळे कॅम्प पर्यावरणपूरक आहे की नाही, हे त्याच्या कापडावरून ठरत नाही. वीज कुठून येते, पाणी नदीतून उपसले जाते की कूपनलिकेतून, सांडपाणी कुठे सोडले जाते, यावरून ते ठरते. आता अनेक कॅम्प सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालतात. डिझेल जनित्रापेक्षा ते स्वस्त पडते, कारण इंधनाचा प्रत्येक थेंब कच्च्या रस्त्याने ट्रकमधून आणावा लागतो.

एवढे पैसे कशाचे?

पहिला भाग दळणवळणाचा. भाजीपाल्यापासून बल्बपर्यंत बहुतेक वस्तू नैरोबीहून येतात. पाहुणे नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण-एक तासात मारातील मातीच्या धावपट्टीवर उतरतात.

दुसरा भाग मनुष्यबळाचा. स्वयंपाकी, वाहनचालक-मार्गदर्शक, पहारेकरी, दुरुस्ती करणारे असे पाहुण्यांपेक्षा जास्त कर्मचारी अनेक कॅम्पमध्ये असतात. दरात सहसा तीन वेळचे जेवण आणि दिवसातून दोन सफारी धरलेल्या असतात.

तिसरा भाग शुल्काचा. मसाई मारा राखीव क्षेत्रात परदेशी प्रौढ पर्यटकाला २०२४ पासून जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर मोजावे लागतात. म्हणजे स्थलांतराच्या हंगामात केवळ प्रवेशासाठी माणशी दिवसाला साडेसतरा हजार रुपये. हे शुल्क नारोक काउंटी, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारकडे जाते.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे मोकळी जागा. राखीव क्षेत्राला लागून असलेल्या ओलारे मोटोरोगी या संवर्धन क्षेत्रात ७०० एकरांमागे एक तंबू असे प्रमाण ठरवण्यात आले. मुंबईतील शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचे आहे. म्हणजे २५ शिवाजी पार्कएवढ्या जागेत एक तंबू. या ७०० एकरांवर शेती होत नाही, घरे होत नाहीत, दुसरे हॉटेल होत नाही. त्या न झालेल्या गोष्टींची किंमत तंबूतील दोन पाहुण्यांकडून वसूल केली जाते.

कॉन्झर्व्हन्सी म्हणजे काय?

मारातील अर्थकारण समजण्यासाठी जमिनीचा इतिहास पाहावा लागतो. राखीव क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या उत्तर आणि पूर्वेकडील जमिनी मसाई समाजाच्या सामूहिक मालकीच्या होत्या. या ‘ग्रूप रँच’ची पुढे वाटणी झाली आणि एकेका कुटुंबाच्या नावावर तुकडे झाले. तुकडा हाती आला की तो विकणे, त्याला कुंपण घालणे किंवा गव्हासाठी भाड्याने देणे हे पर्याय समोर येतात. प्राण्यांना मात्र सातबारा कळत नाही. पाऊस आणि गवत जिकडे, तिकडे ते जातात.

यावर तोडगा म्हणून २००५ नंतर ‘कॉन्झर्व्हन्सी’ उभ्या राहू लागल्या. शेकडो जमीनमालक आपापले तुकडे एकत्र करून पर्यटन कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने देतात. जमिनीची मालकी त्यांच्याकडेच राहते. कुंपण घालायचे नाही, तिथे वस्ती करायची नाही आणि गुरे ठरलेल्या नियमांनुसारच चारायची, या अटी ते मान्य करतात. मोबदल्यात एकराप्रमाणे ठरलेले भाडे मिळते. त्या महिन्यात किती पर्यटक आले, यावर ही रक्कम अवलंबून नसते. २०१० मध्ये स्थापन झालेल्या नाबोइशो कॉन्झर्व्हन्सीत पाचशेहून अधिक मालकांची मिळून सुमारे ५० हजार एकर जमीन आहे. केनियाच्या २०१३ च्या वन्यजीव कायद्याने या व्यवस्थेला मान्यता दिली. आज मारा परिसरात अशा वीसहून अधिक कॉन्झर्व्हन्सी आहेत.

भारतातील चित्र वेगळे आहे. ताडोबाचा गाभा क्षेत्रातील भाग वनखात्याकडे असतो आणि पर्यटक बाहेरच्या रिसॉर्टमध्ये राहून प्रवेशद्वारातून आत जातो. माराच्या कॉन्झर्व्हन्सीत पर्यटक ज्या जमिनीवर झोपतो, तीच वन्यजीवांची जमीन आणि तीच कोणाची तरी खासगी मालमत्ता असते. त्यामुळे भाडे थांबले तर अधिवासही संपण्याचा धोका राहतो.

प्राण्यांसाठी हे का गरजेचे?

केनियातील जवळपास दोनतृतीयांश वन्यजीव राष्ट्रीय उद्याने व राखीव क्षेत्रांच्या बाहेर राहतात. ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९७७ पासूनच्या सुमारे चार दशकांत केनियातील प्रमुख वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली. शिकारीवर बंदी याच काळात होती. म्हणजे केवळ बंदीने प्राणी वाचले नाहीत.

याचे ठळक उदाहरण माराच्या दाराशीच आहे. सेरेंगेटीच्या प्रसिद्ध स्थलांतराखेरीज ईशान्येकडील लोइटा पठारावरूनही विल्डबीस्ट मारात येत. १९७७ मध्ये या कळपाची संख्या सुमारे १ लाख १९ हजार होती. १९९७ पर्यंत ती सुमारे २२ हजारांवर आली. नारोक परिसरातील कुरणांवर यंत्राने होणारी गव्हाची शेती पसरत गेली, हे त्यामागचे प्रमुख कारण ठरले. जमीनमालकाच्या दृष्टीने हिशोब सरळ होता. गव्हाने पैसे दिले, विल्डबीस्टने दिले नाहीत. कॉन्झर्व्हन्सीचे भाडे हा हिशोब बदलण्याचा प्रयत्न आहे.

त्याचा पर्यटकालाही लाभ होतो. राखीव क्षेत्रात रात्रीची सफारी, पायी फेरी आणि रस्ता सोडून वाहन नेणे यांवर निर्बंध आहेत. कॉन्झर्व्हन्सीत मार्गदर्शकासोबत या गोष्टी नियमांत राहून करता येतात आणि एका प्राण्याभोवती किती गाड्या थांबाव्यात यावरही मर्यादा असते. उलट गर्दीच्या ठिकाणी काय होते, हे जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीतील एका चित्रफितीने जगाला दाखवले. गाड्यांतून उतरून नदीकाठी उभ्या राहिलेल्या पर्यटकांनी नदी ओलांडू पाहणाऱ्या विल्डबीस्टची वाट अडवली होती.

मसाई समाजाच्या तक्रारी काय?

ही व्यवस्था सर्वांना सारखी लाभत नाही. भाडे जमिनीच्या मालकाला मिळते. वाटणीत ज्यांच्या नावावर जमीन आली नाही, त्यांना काहीच मिळत नाही. मालकी हक्क प्रामुख्याने पुरुषांच्या नावावर झाल्याने स्त्रियांचा वाटा अत्यल्प राहिला. वाटणीच्या वेळी प्रभावशाली मंडळींना मोठे आणि चांगले तुकडे मिळाल्याच्याही तक्रारी आहेत.

दुसरी तक्रार गुरांची. मसाई समाजासाठी गाय म्हणजे बँकेतील ठेव, लग्नातील देणे आणि प्रतिष्ठा. कॉन्झर्व्हन्सीत चराईवर निर्बंध आले की गुरांचा भार उरलेल्या कुरणांवर पडतो. दुष्काळात तर गवत संरक्षित क्षेत्रातच शिल्लक असते. मग रात्री गुपचूप गुरे आत नेली जातात आणि पकडली गेल्यास दंड भरावा लागतो. अनेक कॉन्झर्व्हन्सींनी यातून धडा घेत पाळीपाळीने चराईला परवानगी देण्यास सुरुवात केली आहे.

तिसरी भीती विस्थापनाची. शेजारच्या टांझानियात लोलिओंडो येथे सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जमीन वन्यजीवांसाठी वेगळी काढताना जून २०२२ मध्ये मसाई आणि सुरक्षा दलांत संघर्ष झाला. त्यात एका पोलिसाचा मृत्यू झाला आणि अनेक मसाई जखमी झाले. त्यामुळे ‘संवर्धनासाठी जमीन’ असे शब्द आले की मसाई समाज सावध होतो.

पर्यटकच आले नाहीत तर?

करोनाकाळात २०२० मध्ये हे घडले. विमाने थांबली, कॅम्प बंद झाले आणि ठरलेले भाडे देणे अनेक कंपन्यांना अशक्य झाले. काही ठिकाणी भाड्यात कपात झाली, कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले. कॉन्झर्व्हन्सी तगवण्यासाठी देणगीदार आणि केनिया सरकारला पुढे यावे लागले. एकाच उत्पन्नावर सारे जंगल टांगून ठेवण्यातील धोका तेव्हा स्पष्ट झाला.

दुसरा धोका हवामानाचा. पाहुण्यांना नदीकाठच्या तंबूचे आकर्षण असते, कारण पाणघोडे आणि मगरी खाटेवरून दिसतात. मात्र मे २०२४ च्या सुरुवातीला मुसळधार पावसाने तालेक नदी पात्राबाहेर आली आणि डझनाहून अधिक कॅम्प पाण्याखाली गेले. अडकलेल्या पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. नदीकाठाच्या किती जवळ बांधकाम होऊ द्यावे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

बोत्सवानाचा मार्ग वेगळा कसा?

‘पर्यटक कमी, दर जास्त’ हे धोरण देशपातळीवर राबवणारा देश म्हणून बोत्सवानाकडे पाहिले जाते. २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीतील हजारावे स्थळ ठरलेल्या ओकावांगो त्रिभुज प्रदेशात मोठी क्षेत्रे ठरावीक मुदतीच्या कराराने कॅम्प कंपन्यांना दिली जातात आणि खाटांच्या संख्येवर मर्यादा असते. पुराच्या पाण्यामुळे तिथले तंबू उंच लाकडी चौथऱ्यांवर असतात. गर्दी टळते, पण दर इतके चढतात की सामान्य पर्यटक बाहेरच राहतो. केनियात तुलनेने स्वस्त पर्यायही आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातून जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्या सहलींना मारा परवडते. गर्दीचा प्रश्नही तिथेच जास्त जाणवतो.

जाण्यापूर्वी काय लक्षात ठेवावे?

- केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना (ईटीए) सुरू केला आहे. तो निघण्यापूर्वी घ्यावा लागतो.

- पीतज्वराची (यलो फीव्हर) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्यावी. प्रमाणपत्र नसल्यास भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

- छोट्या विमानात सामानाची मर्यादा साधारण १५ किलो असते आणि मऊ बॅगच चालते. चाकांची कडक सूटकेस नैरोबीतच ठेवावी लागू शकते.

- केनियात प्लॅस्टिक पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे. संरक्षित क्षेत्रांत जून २०२० पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवरही बंदी आहे. पाण्याची स्टीलची बाटली सोबत असावी.

- मारा विषुववृत्ताजवळ असले तरी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. पहाटेच्या उघड्या जीपमध्ये स्वेटर लागतोच. रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवण्याची पद्धत त्यामुळेच आहे.

कॅम्प निवडताना काय विचारावे?

दर आणि छायाचित्रे सर्वच संकेतस्थळांवर मिळतात. त्यापलीकडे चार प्रश्न विचारता येतात. कॅम्प राखीव क्षेत्रात आहे की कॉन्झर्व्हन्सीत? जमीनमालकांना भाडे ठरलेले आहे की पर्यटकांच्या संख्येवर? मार्गदर्शक आणि व्यवस्थापकांत स्थानिक मसाई किती? सांडपाणी आणि विजेची सोय काय? चांगल्या कॅम्पकडे या प्रश्नांची उत्तरे तयार असतात आणि ती सांगायला त्यांना आवडते. टोलवाटोलवी झाली तर दर कितीही मोठा असला तरी त्यातील किती पैसा गवताळ रानापर्यंत पोहोचतो, याबाबत शंका घ्यायला जागा आहे.

मारातील जमीनमालकांसमोर आजही गहू, कुंपण आणि विक्री हे पर्याय खुले आहेत. भाडेकरारांची मुदत संपली की ते पुन्हा विचार करतात. विल्डबीस्टची वाट मोकळी राहणार की नाही, हे त्या वेळी त्यांच्या हातात पडलेल्या रकमेवर बऱ्याच अंशी ठरणार आहे.